वजन म्हणजे टर्नओव्हर, कंबर म्हणजे अडकलेला माल



स्टॉक, उधारी, मार्जिन यावर आपण नेहमीच बोलतो. आज गल्ल्यावर बसणाऱ्या माणसावर बोलू. कारण छोट्या दुकानात मालक आजारी पडला की त्याच्या जागी बसायला दुसरा कोणी नसतो.

"भाऊ, वजन काही जास्त नाही, फक्त पोट सुटलंय." जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत हे वाक्य ऐकायला मिळतं. माझं मत स्पष्ट आहे, यातला 'फक्त' महागात पडतो.

वजन म्हणजे टर्नओव्हर. दोन दुकानांचा टर्नओव्हर सारखा असला, तरी एकाचा माल फिरता असतो आणि दुसऱ्याचा गोडाऊनमध्ये अडकलेला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: 22.3. पण शरीरातली चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2 टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आतून चरबीवाले असू शकतो, आणि पोटातली चरबी शुगर आणि हार्टच्या आजाराचा धोका वाढवते. म्हणून वजनकाट्याआधी टेप घ्या. कंबर पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या वर किंवा बाईची 80 च्या वर असेल, तर माल अडकलाय असं समजा.

आता हा माल अडकतो कसा? खाल्लं की इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन म्हणजे माल आत घेणारा गोडाऊनवाला. त्याचं काम चालू असेपर्यंत चरबीची जावक मंदावते. आपण काय करतो? आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासोबत चहा, मधे कचोरी, संध्याकाळी केळी वेफर. गोडाऊनवाल्याला सुट्टीच नाही! हिशोब करा. दिवसाला सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे रोज 50 ग्रॅमच्या आसपास आणि महिन्याला जवळपास दीड किलो. ही फक्त चहातली.

पण सगळा दोष इन्सुलिनवर ढकलू नका. जावकेपेक्षा आवक जास्त असेल तर गोडाऊन भरणारच. "माझे हार्मोन्सच बिघडलेत" म्हणणाऱ्यांनी थायरॉईडची तपासणी जरूर करावी. रिपोर्ट नॉर्मल आला, तर कारण गल्ल्याच्या खुर्चीत शोधावं.

कारण दुकानात सगळ्यात कमी हलणारा माणूस कोण? मालक! शिडीवर पोऱ्या चढतो, गाडीतला माल हमाल उतरवतो, पाणीसुद्धा कोणीतरी आणून देतं. व्यायाम करताना अॅड्रेनालिन वाढतं आणि ते चरबीला बाहेर पडायला सांगतं. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता उचलतो. म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं कामाचं आहे. मेहरूण तलावावर सकाळी फेरी मारली म्हणून पुढचे बारा तास बसायचं लायसन्स मिळत नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत घरोघरी पोहोचवलेलं सूत्र आठवा. दिवसात दोनदाच जेवण, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. लोकांनी 'दोनदा' लक्षात ठेवलं, चालणं मात्र विसरले. मला वाटतं, दुकानदाराने निदान मधलं चरणं बंद करावं आणि चालणं धरावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेतू शकतं.

आणखी दोन गोष्टी. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा: बैठका, दंड, किंवा दुकानातलीच पोती, नीट वाकून. नुसते पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. दुसरी गोष्ट झोप. रात्री एक वाजेपर्यंत वसुलीची चिंता आणि मोबाईल चालला, की झोप तुटते, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशी कचोरी जास्तच प्यारी वाटते.

"मे महिन्यात खान्देशात 45 डिग्रीत कोण चालणार?" बरोबर आहे. मग शटर उघडण्याआधी चाला आणि रात्री जेवल्यावर चाला. दुपारी दुकानातच फेऱ्या मारा, स्टॉक स्वतः मोजा, फोन उभं राहून घ्या.

आणि हो, पोट कमी करणारे पट्टे आणि पावडरी घेऊ नका, आपल्या काउंटरवर विकायलाही ठेवू नका. भरवशाचं गिऱ्हाईक गमवाल.

आज रात्री गल्ला मोजाल, तेव्हा टेपही काढा. आकडा वहीत तारीख टाकून लिहा. महिन्याने परत मोजा. काटा हलला नसेल आणि कंबर कमी झाली असेल, तर समजा अडकलेला माल निघायला लागलाय.