सत्याच्या शोधातील असत्य

दोष नसलेला नायक खोटा असतो, असे अलीकडे मोठ्या ठामपणे सांगितले जाते. मनोरंजनाच्या व्यवसायात या समजुतीला आता सिद्धान्ताची प्रतिष्ठा मिळाली आहे. नायक खोटे बोलणारा हवा, नायिका सूड घेणारी हवी, दोघांच्या हातून चार अपराध घडायला हवेत. तरच ती व्यक्तिरेखा 'माणसासारखी' वाटते, असा हा सिद्धान्त. प्रौढांसाठीच्या मालिकांपुरता तो मर्यादित असता, तर त्याची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तो आता शाळकरी वयाच्या गुप्तहेरापर्यंत येऊन पोहोचला आहे. सत्य शोधणे हा गुप्तहेराचा धर्म आहे. सत्य शोधणाऱ्याने असत्याचा आधार घ्यावा काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा राहत नाही. तो संस्कारांचा होतो.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे 'व्हेरोनिका मार्स' ही अमेरिकन मालिका. सप्टेंबर २००४ ते मे २००७ या काळात तिची तीन पर्वे आणि ६४ भाग प्रसारित झाले. चाहत्यांनी लोकवर्गणी जमवली आणि त्यातून २०१४ साली तिच्यावर चित्रपट निघाला. २०१९ साली चौथे पर्वही आले. नेपच्यून नावाच्या काल्पनिक किनारी गावातील ही कथा. व्हेरोनिकाच्या जिवलग मैत्रिणीचा खून होतो. गावचा पोलीसप्रमुख असलेले तिचे वडील एका धनाढ्य उद्योगपतीवर संशय घेतात आणि त्यापायी पद गमावतात. आई घर सोडून जाते. वडील खासगी गुप्तहेर होतात आणि शाळेत शिकणारी मुलगी त्यांच्या हाताखाली तयार होते.

मुलगी बुद्धिमान आहे, धीट आहे, दुबळ्यांच्या बाजूने उभी राहणारी आहे. पण ती खोटे नाव सांगून माहिती काढते, दुसऱ्यांच्या बंद कागदपत्रांत शिरते, मित्रांचा विश्वास वापरते आणि ज्यांच्यावर प्रेम करते त्यांच्यावरही पाळत ठेवते. अपमान ती विसरत नाही. सूड तिला गोड वाटतो. समीक्षकांनी याच गुणदोषांच्या मिश्रणाला डोक्यावर घेतले.

मालिकेने जे दाखवले, अनुकरणाने जे गाळले

टीका करताना न्याय सोडता कामा नये. मूळ मालिकेने नायिकेच्या दोषांची किंमत लपवलेली नाही. दुसऱ्या पर्वात खुन्याविरुद्धच्या पुराव्याच्या फिती नाहीशा होतात आणि तो न्यायालयातून निर्दोष सुटतो. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस तर ही किंमत असह्य होते. व्हेरोनिका एका घरात चोरून शिरते आणि संगणकातील माहिती पळवते. तिच्या या कृत्याचे चित्रण वडिलांच्या हाती येते. मुलीला वाचवण्यासाठी तो सरळमार्गी माणूस पुराव्याला हात लावतो आणि स्वतः आरोपी होतो. पुन्हा मिळू पाहणारे पद त्याच्या हातून निसटते. शेवटच्या दृश्यात मुलगी मतदान करून पावसात एकटी चालत जाते. आयुष्यभर ज्याने नियम पाळले, त्या बापाची अब्रू मुलीच्या चातुर्याने गेली, हे सांगायला तेथे संवादाची गरज पडत नाही.

आक्षेप आहे तो यानंतर जे घडले त्यावर. या मालिकेतून पुढच्यांनी चोरी उचलली आणि पावसातील ती वाट टाकून दिली. कुलूप तोडणे, दुसऱ्याचा भ्रमणध्वनी उघडणे, शिक्षकाला फसवणे या गोष्टी आता किशोरवयीन नायकाच्या 'स्मार्टपणा'च्या खुणा झाल्या आहेत. भागाच्या अखेरीस गुन्हेगार सापडतो, टाळ्या पडतात आणि वाटेत मोडलेल्या विश्वासाचा हिशेब कोणीच मागत नाही. याला वास्तववाद म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. माणसात दोष असतात हे अर्धे वास्तव. दोषाला फळ येते हे उरलेले अर्धे. पहिले दाखवून दुसरे झाकणारा लेखक वास्तव दाखवत नाही, केवळ मोह दाखवतो.

फुरसुंगीचा बनेश

मराठी घराला किशोर गुप्तहेर नवा नाही. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला घातला आणि तो 'फास्टर फेणे' या नावाने तीन पिढ्यांचा मित्र झाला. १९८७ साली दूरदर्शनवर तो मालिकेच्या रूपाने आला. सुमीत राघवन याने ती भूमिका केली. २०१७ साली अमेय वाघ याला घेऊन त्याच्यावर चित्रपट निघाला. त्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहार आणि आत्महत्या म्हणून दडपला जाणारा एका विद्यार्थ्याचा मृत्यू हा विषय होता.

भागवतांचा फेणे निर्दोष पुतळा नव्हता. तो उतावीळ आहे, आगाऊ आहे, नको तेथे नाक खुपसणारा आहे, आणि त्यापायी संकटात सापडणाराही आहे. पण त्याचे दोष पायांचे आहेत, मनाचे नाहीत. तो धावतो, धडपडतो, तोंडघशी पडतो. विश्वासघात करत नाही. मुलांना चटका लावणारा नायक उभा करण्यासाठी त्याला आधी लबाड करावे लागते, या सिद्धान्ताला भागवतांनी तो मांडला जाण्यापूर्वीच उत्तर देऊन ठेवले होते.

परशुरामाचा निवाडा

नैतिक संदिग्धता हा पाश्चात्त्यांनी लावलेला शोध आहे, असे मानणाऱ्यांनी एकदा लोटे येथे जावे. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील ही औद्योगिक वसाहत 'लोटे परशुराम' या नावानेच ओळखली जाते. मुंबई–गोवा महामार्गाने चिपळूणकडे निघाले की थोड्याच अंतरावर श्रीक्षेत्र परशुराम लागते. बाण सोडून समुद्र हटवणाऱ्या आणि कोकणची भूमी निर्माण करणाऱ्या भगवान परशुरामांचे हे स्थान.

त्याच परशुरामांची आणि कर्णाची कथा घराघरांत ठाऊक आहे. विद्येसाठी आसुसलेला कर्ण आपली ओळख लपवून गुरूंपाशी राहिला. एके दिवशी गुरू त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपले असता एका किड्याने ती मांडी पोखरली. झोपमोड होऊ नये म्हणून कर्ण हलला नाही. रक्ताच्या स्पर्शाने गुरू जागे झाले, त्यांनी जखम पाहिली, शिष्याची अचल मुद्रा पाहिली आणि ताडले की, इतकी वेदना मुकाट्याने सोसणारा हा आपण समजतो तो नव्हे. एका खुणेवरून दडलेले सत्य उघडे करणारा हा तर्क कोणत्याही गुप्तहेराला शोभावा असा आहे.

आणि निवाडा कसा? कर्णाची सेवा खरी होती, सहनशक्ती खरी होती, त्याच्यावर झालेला अन्यायही खरा होता. जन्माच्या नावाखाली ज्याला दारे बंद झाली, त्याने खोटे बोलून एक दार उघडले. महाभारत वाचणारा प्रत्येक जण कर्णावर प्रेम करतो. तरीही शाप टळला नाही. असत्याने मिळवलेली विद्या ऐन क्षणी आठवणार नाही, हा तो शाप. आणि ऐन क्षणी ती आठवली नाही. युधिष्ठिराचेही तसेच. एका अर्धसत्यापायी जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. व्यासांनी धर्मराजालाही सूट दिली नाही.

आपल्या परंपरेने दोष असलेली माणसे नाकारली नाहीत, उलट त्यांच्यावर प्रेम करायला शिकवले. मात्र प्रेमाला तिने कधी माफीपत्र मानले नाही. हा विवेक ज्या समाजाजवळ आहे, त्याने 'ग्रे शेड' नावाचा उसना शब्द मिरवण्याचे कारण काय?

पुरावा आणि प्रौढांचे मौन

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो दुबळा नाही. पोलीसच भ्रष्ट असतील, श्रीमंतच कायदा चालवत असतील, तर एकट्या मुलीने काय करावे? नेपच्यून हे मध्यमवर्ग नसलेले गाव आहे, असे ती मालिका आरंभीच सांगते. तेथे एक तर लक्षाधीश आहेत किंवा त्यांच्याकडे काम करणारे. मध्ये उभे राहून 'हे चालणार नाही' म्हणणारा कोणी नाही.

येथे पुन्हा लोटे आठवावे. रासायनिक कारखान्यांच्या या वसाहतीतील सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीच्या मच्छीमारांची तक्रार अनेक वर्षांची आहे. खाडीत मासे मरून तरंगले की प्रश्न उभा राहतो: हे कोणाचे पाणी? मालिकेला शोभेल असे हे खरेखुरे रहस्य आहे. पण ते रात्री भिंतीवरून उडी मारून आणि एखादी बाटली भरून आणून सुटत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या २१व्या कलमाने सांडपाण्याचा नमुना घेण्याची रीत घालून दिली आहे. अधिकाऱ्याने नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, ते मोहोरबंद करायचे आणि दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. ही रीत मोडली, तर पृथक्करणाचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. चोरून केलेला पराक्रम पडद्यावर टाळ्या मिळवतो; खटल्यात तो आरोपीच्या वकिलाला आयते शस्त्र देतो. दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने शिरण्याला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सरळ मार्ग आहेत. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपये शुल्क भरून नागरिकाला सरकारी तपासणीचे अहवाल मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मार्ग कंटाळवाणा आहे, पण त्यावरून चालणाऱ्याचा पुरावा टिकतो.

मग प्रश्न उरतो, त्या मार्गाने चालायचे कोणी? लोटे हे नेपच्यून नव्हे. तेथे, खेडमध्ये, चिपळूणमध्ये शिकलेला मध्यमवर्ग आहे: रसायनतज्ज्ञ, अभियंते, शिक्षक, डॉक्टर, वकील. नळीतून काय वाहते हे ज्यांना समजते, अशी माणसे प्रत्येक औद्योगिक गावात असतात. ती बोलत नाहीत, तेव्हा सत्य शोधण्याचे काम अर्धवट वयाच्या मुलांवर पडते; आणि मुले ते आपल्या अर्धवट साधनांनी करतात. व्हेरोनिकाच्या खोटेपणाचे मूळ नेपच्यूनच्या प्रौढांच्या मौनात आहे. मालिकेवर नाक मुरडणाऱ्या मध्यमवर्गाने हे वाक्य आरशासमोर उभे राहून वाचावे.

दूरचित्रवाणी संच बंद करून काय होणार?

दूरचित्रवाणी संच बंद करणे हा यावरचा उपाय नाही. मालिका आता मुलांच्या हातातील पडद्यावर येते आणि तो पडदा आईवडिलांच्या आज्ञेने विझत नाही. घरात करण्यासारखे काम वेगळे आहे. मुलांबरोबर एखादा भाग पाहावा आणि तो संपल्यावर तीन प्रश्न विचारावेत: या शोधात कोण फसवले गेले? त्याची भरपाई कोणी केली? हाच पुरावा सरळ मार्गाने मिळाला असता काय? उपदेशापेक्षा हे प्रश्न मुलांच्या मनात अधिक काळ टिकतात. कर्णाची कथाही तेव्हाच सांगावी. ती कंटाळवाणी वाटणार नाही.

मराठी वाहिन्या आणि निर्मात्यांकडेही एक मागणी केली पाहिजे. सासू-सुनांच्या कारस्थानांना पैसा आणि रात्रीचे मोक्याचे तास मिळतात, तर कोकणातल्या एखाद्या खाडीकाठच्या मुलाला किंवा मुलीला का मिळू नयेत? तिला दोष असू द्यावेत. ती चुकावी, संतापावी, एखादे खोटेही बोलावे. पण त्या खोट्याचे देणे तिने पडद्यावर फेडलेले दिसावे, आणि तिच्या पाठीशी निदान एक शिक्षक, एक डॉक्टर, एक रसायनतज्ज्ञ नाव लावून उभा राहिलेला दिसावा. अशी मालिका निघाली तर मुले ती पाहतील. आणि ती पाहताना, आपल्या गावात तो शिक्षक, तो डॉक्टर, तो रसायनतज्ज्ञ कोण, असे त्यांनी विचारले, तर त्याचे उत्तर देण्याची तयारी मोठ्यांनी आजपासून करावी.