विश्लेषण : चार इंजिनांपैकी एक बंद पडले, तर तीन पुरत नाहीत का? जुन्या बॉम्बर विमानांचे न चुकणारे गणित

२ ऑक्टोबर २०१९ ची सकाळ. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावरून ‘नाइन-ओ-नाइन’ नावाचे बी-१७ बॉम्बर विमान उडाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या या विमानात तीन कर्मचारी आणि दहा हौशी प्रवासी होते. जुन्या बॉम्बरमधून फेरी मारण्यासाठी या प्रवाशांनी प्रत्येकी सुमारे ४५० डॉलर मोजले होते. काही मिनिटांतच उजव्या पंखाच्या इंजिनांनी दगा दिला. विमान मागे वळले, पण धावपट्टी गाठू शकले नाही. दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी अशा सात जणांचा मृत्यू झाला.

बातमी वाचून अनेकांच्या मनात एकच प्रश्न आला असेल. चार इंजिने असताना विमान पडलेच कसे?

एक इंजिन गेले की किती ताकद जाते?

कागदावर पाव. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त. हे पगाराच्या हिशेबासारखे आहे. समजा, पगार १०० रुपये आणि घरखर्च ६० रुपये. शिल्लक ४०. पगार २५ रुपयांनी कमी झाला, तर घरखर्च तेवढाच राहतो आणि शिल्लक उरते फक्त १५. विमानाला नुसते हवेत टिकून राहण्यासाठी जी ताकद लागते, तो घरखर्च. वर चढायला लागते ती शिल्लक. (आकडे फक्त समजण्यापुरते.)

त्यात बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला तर तो ब्रेकसारखा काम करतो. म्हणून वैमानिक त्याची पाती वाऱ्याच्या दिशेने वळवतात. याला ‘फेदरिंग’ म्हणतात. हे वेळेत झाले नाही, तर पगार कमी होतोच, वर नवा हप्ताही सुरू होतो.

विमान एका बाजूला का ओढले जाते?

बैलगाडीचा उजवा बैल बसला आणि डावा ओढतच राहिला, तर गाडी उजवीकडे वळते. इथेही तेच घडते. बी-१७ चा पंखविस्तार १०३ फुटांहून अधिक आहे. इंजिनांना वैमानिकाच्या डावीकडून एक ते चार असे क्रमांक असतात. चौथे म्हणजे उजवीकडचे सर्वात बाहेरचे. इंजिन मध्यापासून जितके लांब, तितका ते बंद पडल्यावरचा झोक मोठा. इंजिनीअरिंगला ‘मोमेंट’ची गणिते आम्ही कंटाळत सोडवायचो, ती हीच.

हा झोक शेपटीवरच्या रडरने सावरायचा असतो. पण रडरची ताकद वेगावर अवलंबून असते. ठरावीक वेगाच्या खाली रडर पूर्ण दाबला तरी विमान सरळ राहत नाही. तिथे चालू इंजिनाची ताकद वाढवली तर झोक आणखी वाढतो. म्हणजे जे इंजिन वाचवणार, तेच विमान उलटवू शकते.

युद्धात तर अशी विमाने परत येत होती, मग?

येत होती. दोन इंजिनांवर परतलेल्या बी-१७ च्या कहाण्या खऱ्या आहेत. पण ती विमाने बहुतेक वेळा हजारो फूट उंचीवर होती, बॉम्ब टाकून हलकी झाली होती. गरज पडली तर मशीनगनही बाहेर फेकल्या जात. पगाराच्या भाषेत सांगायचे, तर उंची ही बँकेतली ठेव आहे. ती मोडत मोडत घर गाठता येते. ब्रॅडलीला विमान जमिनीपासून काही शे फुटांवर होते. ठेव जवळजवळ शून्य.

ब्रॅडलीला नेमके काय चुकले?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष दिला. चौथ्या इंजिनाची ताकद कमी झाली, म्हणून वैमानिकाने ते बंद केले. त्याच बाजूचे तिसरे इंजिनही पूर्ण ताकद देत नव्हते. अशात चाके लवकर बाहेर काढली गेली. त्यामुळे हवेचा विरोध वाढला, वेग घटला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांना धडकले. वेग राखला असता आणि चाके उशिरा काढली असती, तर विमान बहुधा धावपट्टीपर्यंत पोहोचले असते, असे मंडळाचे मत आहे.

पण गोष्ट इथे थांबत नाही. या इंजिनात नऊ सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगीसाठी दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक गेला तर दुसरा असावा, हा हेतू. तपासात चौथ्या इंजिनाचे दोन्ही मॅग्नेटो सदोष निघाले. तिसऱ्या इंजिनाच्या स्पार्क प्लगची फट मर्यादेबाहेर होती. म्हणजे राखीव व्यवस्था उड्डाणाआधीच संपलेली होती. वैमानिकाला बी-१७ चा हजारो तासांचा अनुभव होता. पण देखभालीची जबाबदारीही त्याच व्यक्तीकडे होती.

असे इंजिन बिघडूनही विमान सुखरूप उतरते का?

उतरते. ७ मे २०१५ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृतिपथकातील लँकेस्टर बॉम्बरच्या चौथ्याच इंजिनाला सरावादरम्यान आग लागली. विमान कॉनिंग्जबी तळावर सुखरूप उतरले आणि दुरुस्तीनंतर त्याच वर्षी पुन्हा उडाले. हे विमान हवाई दलाच्याच शिस्तीत सांभाळले जाते आणि तिकीट काढलेले प्रवासी त्यात बसत नाहीत.

याचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे. महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली बी-२४ लिबरेटर बॉम्बर बेंगळूरुच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीने दुरुस्त केली. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यातलेच एक विमान पुढे ‘नाइन-ओ-नाइन’च्याच मालक संस्थेने, कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतले आणि पुन्हा उडते केले. भंगारातून विमान उभे करणाऱ्या त्या कारागिरांचा अभिमान वाटतोच. म्हणूनच ‘जुने विमान म्हणजे धोका’ हा सरसकट शेरा मला मान्य नाही.

मग ही विमाने उडवावीत का?

उडवावीत. संग्रहालयातले विमान दिसते. उडणाऱ्याचा आवाज छातीत जाणवतो. आपल्या मर्जीने जोखीम घेणाऱ्या प्रशिक्षित वैमानिकांना कोणी अडवू नये.

तिकीट विकले की मात्र प्रश्न बदलतो. आजच्या प्रवासी विमानाला उड्डाणाच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले तरी चढता येते, हे सिद्ध केल्याशिवाय परवानगी मिळत नाही. १९४० च्या दशकातील बॉम्बर त्या कसोटीसाठी बनलेच नव्हते. त्यांना ‘जिवंत इतिहास’ म्हणून खास सवलत मिळते. कॉलिंग्ज फाउंडेशनची सवलत मार्च २०२० मध्ये रद्द झाली, पण तोवर सात जीव गेले होते. सुरक्षा मंडळानेही अशा सशुल्क उड्डाणांवर कडक नियम हवेत, असे २०२१ मध्ये सुचवले.

माझे मत स्पष्ट आहे. सवलत हवी असेल, तर तीन अटी हव्यात. देखभाल तपासणारा माणूस विमान उडवणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. एक इंजिन बंद पडल्याचा सराव ठरावीक काळाने सक्तीचा असावा. आणि इंजिन सुरू होताना कुरकुरले तर त्या दिवशी फेरी रद्द व्हावी. त्या सकाळीही एक इंजिन सुरू व्हायला त्रास देत होते. प्रवासी वाट पाहत होते, उशीर होत होता.

विमानात बसलेल्या त्या दहा जणांनी चार इंजिने मोजली असतील. मॅग्नेटो मोजणे हे त्यांचे काम नव्हते. ते ज्यांचे काम होते, त्यांच्यावरच त्यांनी विश्वास टाकला होता.