बीड जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांत मुक्तस्रोत प्रणाली बसवण्याबाबत निवेदन

दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : बीड जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी 'कोहा' या मुक्तस्रोत प्रणालीचा सर्व्हर, प्रशिक्षण व तांत्रिक मदत मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही बीड जिल्ह्यातील, आपल्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे ग्रंथपाल व ग्रंथालय कर्मचारी हे निवेदन सादर करत आहोत.

आमच्याकडे ग्रंथालयाचे संगणकीकरण प्रामुख्याने नॅक मूल्यांकनाच्या तयारीत झाले. मूल्यांकनात कोणती प्रणाली वापरता असे विचारतात, म्हणून प्रणाली विकत घेतली गेली. कोणी खासगी कंपनीची घेतली, कोणी इन्फ्लिबनेटची 'सोल' घेतली. समिती येऊन गेली, की देखभालीचे पैसे थकू लागतात. विनाअनुदानित महाविद्यालयात तर खर्चाची पहिली कात्री ग्रंथालयालाच लागते. खासगी प्रणालीचा करार संपला, की आवृत्ती जुनी पडते, संगणक बदलला की ती उघडत नाही, आणि वर्षानुवर्षे बसून भरलेल्या नोंदी बाहेर काढायच्या तर त्याचे वेगळे पैसे मागितले जातात. आमच्यातले काही जण यामुळे पुन्हा देवघेवीच्या रजिस्टरवर आले आहेत. पुस्तके महाविद्यालयाची, नोंदी आम्ही भरलेल्या आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात, ही स्थिती आम्हाला मान्य नाही.

मराठी पुस्तकांची अवस्था याहून वाईट आहे. जुन्या प्रणालींत त्यांची शीर्षके बहुधा रोमन लिपीत भरलेली आहेत, तीही भरणाऱ्याच्या कानाला जशी लागली तशी. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत आहे. त्याच जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने संगणकावर देवनागरीत 'विवेकसिंधु' शोधला, तर उत्तर 'नोंद नाही' असे येते. कारण नोंद रोमन लिपीत आहे, आणि तिथेही कोणी 'विवेक' आणि 'सिंधु' तोडून लिहिले, कोणी शेवटचा उकार दीर्घ केला. काही ठिकाणी देवनागरीत भरले, पण युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तेच शीर्षक निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसते. मग ग्रंथालय परिचर आठवणीने कपाट दाखवतो. तो निवृत्त झाला आणि पद रिक्त राहिले, की पुस्तक असूनही सापडत नाही. ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असतात, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकाची प्रत म्हणजे बहुतेकदा ग्रंथालयातलीच प्रत असते, हे आपणास वेगळे सांगायला नको.

या अडचणींवर उपाय म्हणून आम्ही सुचवत असलेली 'कोहा' ही प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी १९९९ मध्ये लिहिली गेली आणि २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झाली. न्यासाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा हाताळू शकत नव्हती म्हणून ती केली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. आज ती जगभर चालते. परवाना शुल्क नाही, नोंदी मार्क २१ या प्रमाणित स्वरूपात असतात आणि हव्या तेव्हा बाहेर काढता येतात. एकाच सर्व्हरवर अनेक ग्रंथालये शाखा म्हणून जोडता येतात, हे आमच्यासाठी सर्वांत मोलाचे. मुक्तस्रोत प्रणाली विद्यापीठालाही नवी नाही: संशोधकांचे प्रबंध ज्या 'शोधगंगा'वर जातात, ती मुक्तस्रोत 'डीस्पेस'वरच उभी आहे. केंद्र सरकारनेही २०१५ च्या धोरणात आपल्या कार्यालयांना मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य द्यायला सांगितले आहे.

प्रणाली फुकट असली तरी काम फुकट होत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. ती लिनक्सवर बसवावी लागते. रोजचा बॅकअप कोणीतरी घ्यावाच लागतो. देवनागरी शोध नीट चालण्यासाठी तिच्या 'झेब्रा' या शोधयंत्रणेत 'आयसीयू' पद्धत चालू करावी लागते. ते राहिले तर युनिकोडमध्ये भरूनही पुस्तक सापडत नाही, आणि दोष प्रणालीवर येतो. एका ग्रंथपालाने, तेही सहायकाशिवाय, हे सगळे सांभाळावे ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणूनच आम्ही विद्यापीठाकडे आलो आहोत.

आमची मुख्य मागणी अशी, की विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्राने जिल्ह्यासाठी कोहाचा एक सर्व्हर उभारावा, त्याची देखभाल व बॅकअप स्वतःकडे ठेवावा आणि इच्छुक महाविद्यालयांना त्यावर शाखा म्हणून विनाशुल्क जागा द्यावी. त्यातून जिल्ह्याची एक सामायिक तालिका तयार होईल. पाटोद्याच्या विद्यार्थ्याला एखादे पुस्तक परळीत आहे की माजलगावात, हे घरबसल्या कळेल. नोंदींची मालकी मात्र त्या त्या महाविद्यालयाचीच राहील, असे लेखी असावे.

जुन्या नोंदींचे स्थलांतर हे यातले सर्वांत किचकट काम आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून ते द्यावे. मराठी शीर्षके देवनागरी युनिकोडमध्ये नव्याने भरली जावीत आणि लेखकांच्या नावांची एकसारखी यादी मराठी विभागाने तपासून द्यावी. प्रशिक्षण मराठीतून, हात चालवून घेतलेले हवे. ते बीड आणि अंबाजोगाई अशा दोन ठिकाणी व्हावे, कारण आष्टी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे आणि परळी पूर्व टोकाला. त्या दिवसांची कर्तव्यरजा मंजूर असावी. पुढे अडचण आली तर फोन उचलणारा एक तांत्रिक कर्मचारी ज्ञानस्रोत केंद्रात नेमावा. ज्या महाविद्यालयाची सध्याची प्रणाली नीट चालते, त्याच्यावर सक्ती नको. मात्र यापुढे कोणतीही प्रणाली खरेदी करताना 'सर्व नोंदी प्रमाणित स्वरूपात विनाशुल्क परत मिळतील' ही अट करारात असावी, असे परिपत्रक विद्यापीठाने सर्व प्राचार्यांना पाठवावे. याला खर्च नाही आणि ते लगेच करता येईल.

येत्या शैक्षणिक सत्रात प्रत्येक तालुक्यातील एका महाविद्यालयापासून हे काम सुरू करावे, ही विनंती. नोंदी भरण्याचे व तपासण्याचे काम आम्ही आमच्या वेळेत करू. चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी आणि या निवेदनावर झालेला निर्णय लेखी कळवावा.

आपले विश्वासू,
बीड जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांचे ग्रंथपाल व ग्रंथालय कर्मचारी

प्रत माहितीस्तव : मा. सहसंचालक, उच्च शिक्षण, छत्रपती संभाजीनगर विभाग.