जमाव होण्याआधी बोला!
खान्देशातील गावकऱ्यांना जाहीर आवाहन



१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही व्हॉट्सॲपवरची अफवा त्यांच्याआधीच पोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून पाचही जणांचा जीव घेतला. त्याच्या आदल्याच महिन्यात जामनेर तालुक्यातल्या वाकडीत विहिरीत पोहल्याबद्दल मातंग मुलांना विवस्त्र करून मारलं होतं.

“लोकांची मनं बोलून बदलत नाहीत,” असं सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. चिडलेल्या जमावापुढे शब्द चालत नाहीत, हे कबूल. पण आदल्या दिवशी तीच माणसं पारावर बसलेली असतात. तेव्हा त्यांच्याशी कोण बोललं?

नुसत्या कायद्यानेही भागत नाही. काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; झोळीवाल्यावरचा संशय कायम राहिला. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. त्याने अफवेचा वेग कमी होईल, तिच्यावर विश्वास ठेवणारं मन कसं बदलेल?

अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी वाट दाखवली आहे. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते महाराष्ट्रभर फिरले. दलितांना त्यांनी सबुरीचे धडे दिले नाहीत. सवर्णांना, म्हणजे आपल्याच माणसांना, जाब विचारला. मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं झालं. संवाद तो हा: स्वतःच्या जातभाईंशी, स्वतः झळ सोसून केलेला. दंगलीनंतर शांतता समितीत चहा पिऊन फोटो काढणं म्हणजे संवाद नव्हे. मारणाऱ्यांना माफी देणं तर नव्हेच. गुन्ह्याचा खटला चाललाच पाहिजे.

म्हणून आमचं आवाहन:

१. सरपंच आणि पोलीस पाटलांनी येत्या ग्रामसभेत अफवा आणि भटक्या समाजांविषयीचा संशय हा विषय घ्यावा.

२. पालावर राहणाऱ्यांना त्या सभेत सन्मानाने बोलवावं. त्यांच्याकडे निर्दोषपणाचे पुरावे मागू नयेत.

३. अनोळखी माणसाला घेरलेलं दिसलं, तर मोबाइल चित्रीकरणासाठी काढू नका, ११२ लावा.

४. आपल्या घरात, आपल्या ग्रुपवर कोणी जातीवरून, धर्मावरून विष पेरलं, तर तिथेच टोका. नात्यात वाईटपणा आला तरी चालेल.

गप्प बसणाराही जमावाचं बळ वाढवतो. आजच तोंड उघडा!

आपले,
जळगाव-धुळे जिल्ह्यांतील काही शिक्षक व कार्यकर्ते