तुझं नाव काय?

पोळ्याच्या झडत्या अजून पुरत्या विसरलेल्या नसतात, शिवारात सोयाबीन पिवळं पडू लागलेलं असतं आणि यवतमाळच्या चौकाचौकांत दुर्गोत्सवाच्या मंडपांचे बांबू उभे राहत असतात. अशा ऐन गजबजाटात दरवर्षी २३ सप्टेंबर येतो आणि बहुधा कुणाच्या ध्यानात न येता निघूनही जातो. १९५१ साली याच तारखेला रोममध्ये जागतिक बधिर महासंघ स्थापन झाला. त्याची आठवण ठेवून २०१८पासून संयुक्त राष्ट्रांच्या वतीने हा दिवस सांकेतिक भाषांचा म्हणून पाळला जातो. ढोलताशांच्या तोंडावर निःशब्द भाषेचा दिवस यावा, या योगायोगापाशी आपण घटकाभर थांबायला हरकत नाही.

मंडपासमोरचं एक दृश्य आपण सर्वांनीच पाहिलेलं आहे. पोरं नाचत असतात आणि त्यांच्यातलंच एखादं डीजेच्या खोक्याला तळहात टेकवून उभं असतं. मागून गाडी येते, आपण ‘ए पोरा, सरक’ म्हणून ओरडतो, ते हलत नाही, आणि कुणीतरी सहज सांगतं, ‘मुका आहे तो.’ त्याची जीभ धड असते, गळा धड असतो. ऐकू आलं नाही म्हणून बोलणं आलं नाही, एवढीच गोष्ट. पण आपली भाषा मोठी घाईची, ती कानाचं उणं जिभेच्या माथी मारून मोकळी होते.

या पोरापर्यंत जाणारा माणूस आपल्या जिल्ह्यात आहे. समग्र शिक्षा योजनेत गट साधन केंद्रावर बसणारा, खरं तर बसायला सवडच नसलेला, विशेष शिक्षक. पुसदच्या तांड्यांपासून झरी-जामणीच्या कोलाम पोडांपर्यंत सोळा तालुक्यांचा हा पसारा. गावात पोचल्यावर त्याचं पहिलं काम बहुतेकदा पेटी उघडवण्याचं असतं. शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र लुगड्याच्या घडीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवलेलं सापडतं. ‘महागाचं हाये सर, पोट्टं हरवून टाकन.’ सेल केव्हाच संपलेला असतो. कानात बसणारा साचा वाढत्या कानाला अपुरा पडलेला असतो आणि सैल साच्याने यंत्र शिट्टी मारत राहतं. पोर वाढतं तसा साचा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो, हे शिबिराच्या फोटोत कुठून दिसणार? यंत्रवाटपाचे आपल्याकडे सोहळे होतात. साचा बदलून दिल्याबद्दल कुणी हारतुरे घेतल्याचं ऐकिवात नाही.

मग तो शाळेत जातो आणि वर्गशिक्षकाला दोन साध्या गोष्टी सांगतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि खिडकीला पाठ लावून उभे राहू नका. उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो, ओठ दिसेनासे होतात. आता ओठ दिसले तरी नेमकं काय दिसतं, हे आपण आरशासमोर करून पाहावं. आवाज न काढता ‘मामा’ म्हणावं, मग ‘बाबा’ म्हणावं. मिटणं तेच, उघडणं तेच. ‘काका’ तर घशातच घडतो, ओठांवर येतच नाही.

ओठ जिथे हरतात तिथे हात बोलतात. भारतीय सांकेतिक भाषेत मिशीच्या जागी बोटं गेली की पुरुष, चमकीच्या जागी बोट टेकलं की बाई. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: तुझं, नाव, काय, थेट आपल्या मराठीच्याच चालीने. इतकी जवळची ही भाषा, पण शाळेने तिला फार काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं. १८८० साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणा बंद, फक्त बोलणं, असा ठराव केला. भारतातली पहिली बधिर शाळा १८८५च्या सुमारास मुंबईत निघाली, ती हे वारं वाहत असतानाच. तो ठराव चुकला होता, हे त्याच परंपरेतल्या परिषदेने व्हँकुव्हरला मान्य केलं २०१० मध्ये. एकशेतीस वर्षं! दिल्लीच्या संशोधन केंद्राचा भारतीय सांकेतिक भाषेचा कोश दहा हजार शब्दांवर पोचला, तोही २०२१ साली.

आपल्या जिल्ह्यात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. पोडावर आई कोलामी बोलते, तांड्यावर गोरमाटी, आणि शाळा मराठी. ऐकणारं पोर खेळता खेळता दोन्ही भाषा उचलतं; बधिर पोराच्या वाट्याला दोन्हींतली एकही येत नाही. त्याच्याजवळ असतात फक्त घरच्या खुणा. म्हणून जाणता शिक्षक आधी स्वतःच शिकायला बसतो. भूक लागली की हे काय करतं, रुसलं की काय करतं, बापाला कसं दाखवतं, असं आईला विचारून त्या खुणा वहीत उतरवतो आणि त्यांच्यावरच पुढची भाषा रचतो. गुरूने शिष्याच्या दारी जाऊन त्याच्याकडून पहिला धडा घ्यावा, ही उलटी दीक्षा गुरुपौर्णिमेला हार घालणाऱ्या आपल्याला जरा नवी वाटेल. प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागे आणि पुढच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. विशेष शिक्षकाची ही साधना मात्र आपण वर्षानुवर्षं कंत्राटावरच्या माणसांकडून करवून घेतली, याचा थोडा संकोच आपल्याला वाटायला हवा.

पण सगळं शिक्षकावर सोडून कसं चालेल? जन्मल्यापासून महिन्याच्या आत कानांची तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचाराला सुरुवात, असा जाणकारांचा दंडक आहे. घराघरांतला दंडक वेगळा: ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ त्या भरवशावर दोन वर्षं जातात, तीन जातात. घटात धान्य आपण पहिल्या दिवशी पेरतो. सातव्या माळेला पेरून दसऱ्याला तुरे मागत नाही.

यंदाही मंडपात लेकुरवाळ्या येतील. पाठीमागे थाळी वाजली तरी मांडीवरचं मूल मान वळवत नसेल, तर आपण अंगणवाडीताईंच्या कानावर घालावं आणि त्याच आठवड्यात त्याला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान दाखवायला न्यावं.