दप्तरात नसलेले रान

माहिती-तंत्रज्ञान उद्योगांना जागा देण्यासाठी तेलंगणातील काँग्रेस सरकारने मार्च २०२५ अखेर हैदराबाद केंद्रीय विद्यापीठालगत कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकर रानात बुलडोझर घातले. विरोध करणाऱ्या विद्यार्थ्यांची धरपकड केली. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली, तोवर सुमारे १०० एकर उजाड झाले होते. सरकारचा युक्तिवाद काय, तर दप्तरी हे जंगल नव्हेच! तेलुगूत ‘कांचा’ म्हणजे गुरांचे कुरण. झुडुपांना बाजारभाव नाही, म्हणून ती हिशेबात नाहीत. भाव आहे तो खालच्या जमिनीला. वास्तविक तेलंगणाचे राज्यपुष्प तरवड हे झुडूपच. बतुकम्माच्या सणाला स्त्रिया त्याचीच फुले रचतात, आणि ते वाढते अशाच खडकाळ माळांवर. रस्त्याकडेच्या एकजात रोपांनी ही भरपाई होत नाही. शहरांलगतच्या अशा प्रत्येक माळाची झाडाझुडुपांसह नोंद झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत एकाही एकराचा लिलाव होता कामा नये.