पाटी कोणती घ्यावी?

कापड घ्यावयाचे तर चिमटीत धरून पाहावे, हंडा घ्यावयाचा तर बोटाने वाजवून पाहावा आणि मोसंबी घ्यावयाची तर तळहातावर तोलून पाहावी, एवढे शहाणपण आमच्या जालन्यात शेंबड्या पोरालाही असते. पण टॅब्लेट नावाची वस्तू मोठी चमत्कारिक. ती चिमटीत धरून काही कळत नाही, वाजवून पाहावयाची सोय नाही, आणि दुकानाच्या काचेमागे तर सगळ्या सारख्याच झगमगतात. म्हणूनच २०२२ च्या दिवाळीच्या तोंडावर आमचे शेजारी मास्तर सकाळी दारात येऊन, “चला, पाटी घ्यायला जायचंय,” असे म्हणाले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मास्तरांनी सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू झिजविला. टॅब्लेटला ते पाटीच म्हणतात. आणि विचार करता हा शब्द काही वावगा नाही. पुण्याच्या मुलाने बारा हजार रुपये पाठविले होते व सोबत निरोप दिला होता, “लहान आकाराचीच घ्या आणि बाराच्या वर जाऊ नका.” मास्तरांनी आठ दिवस खपून वहीत दोन रकाने आखले होते. पहिल्या रकान्यात सॅमसंगची गॅलॅक्सी टॅब ए-७ लाइट, दुसऱ्यात रिअलमीची पॅड मिनी. पहिली २०२१ च्या जूनमध्ये आपल्याकडे विक्रीला आली, दुसरी २०२२ च्या एप्रिलअखेर जाहीर झाली. कंपन्यांनी सुरुवातीला जाहीर केलेल्या किमती अनुक्रमे ११,९९९ व १०,९९९ रुपये.

“आता गंमत बघा,” वहीवर बोट ठेवीत मास्तर म्हणाले, “दोघींचा पडदा ८.७ इंचांचा. ठिपके दोघींचे सारखेच, आडवे १३४० आणि उभे ८००. स्मृती ३ जीबी, साठवण ३२ जीबी, तीही सारखीच. म्हणजे जुळ्या बहिणी! मग निवड करायची कशावर?”

फरक होता, पण तो पोटात होता. पहिलीची बॅटरी ५१०० एमएएचची, दुसरीची ६४००. म्हणजे दुसरीच्या पदरी सव्वापट शिदोरी. मेंदू दोघींना आठ आठ. पण पहिलीचे आठही एकसारखे, साधे. दुसरीचे सहा साधे आणि दोन तल्लख. मास्तरांना हे समजावून सांगावे लागले नाही. वर्गात दोन हुशार मुले असली की बाकीच्यांची गणिते आपोआप सुटतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते! तरीही त्यांचा कल पहिलीकडे होता. घरात त्या नावाचा टीव्ही बरीच वर्षे इमानाने चालत आलेला. ऐकलेल्या नावाला माणूस चटकन सोडीत नाही.

मास्तरांना स्वस्त पाटीची धास्तीही होती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. वाचकांना ‘आकाश’ आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत मोठ्या थाटाने तिचे अनावरण झाले होते. सरकारने ती सव्वादोन हजारांच्या आसपास घेतली होती आणि विद्यार्थ्यांना ती त्याहूनही कमी किमतीत मिळावयाची होती. पडदा सात इंची, पण बोटाने नुसता स्पर्श करून भागत नसे, दाबावे लागे; स्मृती २५६ एमबी, म्हणजे मास्तरांच्या वहीतल्या पाट्यांच्या बाराव्या हिश्श्याची. बॅटरी २१०० एमएएच. पुढच्याच वर्षी सुधारलेली दुसरी आवृत्ती काढावी लागली. आकाशाला हात लावावयाचा हेतू चांगला होता. पण हात लावल्यावर आकाश लवकर हलत नव्हते, एवढाच त्याचा दोष!

“तसं होऊ नये म्हणून तुम्हाला न्यायचं,” मास्तर म्हणाले. तेवढ्यात आतून वहिनी चहा घेऊन आल्या. आठ दिवस घरात पाटीची चर्चा चालू होती. नातू आला म्हणजे त्याला बालभारतीची पुस्तके तीवर पाहता येतील, मास्तरांना वर्तमानपत्रे वाचता येतील, मुलाशी समोरासमोर बोलता येईल, असे सगळ्यांचे बेत ठरले होते. वहिनींना मात्र कोणी काही विचारले नव्हते. विचारले नव्हते हे माझ्याही ध्यानात आले नसते. पण कप खाली ठेवता ठेवता त्या म्हणाल्या,

“भावजी, त्यात दासबोध दिसतो का हो? मोठ्या अक्षरात?”

मास्तर चपापले. “अगं, तू तर रोज वाचतेसच की! पोथी आहे ना घरात?”

“दोन वर्षं झाली वाचून,” वहिनी अगदी साध्या सुरात म्हणाल्या. “डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पोथीचं अक्षर लागत नाही. मी नुसती पुढ्यात घेऊन बसते.”

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांची शेती घनसावंगीकडची. समर्थांचे जन्मगाव जांब त्याच तालुक्यातले. त्या भागात ज्या घरात दुसरे पुस्तक नसते, त्या घरातही दासबोध असतो. वहिनी चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि त्यांचे सारे वाचन म्हणजे रोज संध्याकाळचा तो एक समास. तो दोन वर्षे बंद पडला होता, आणि ज्या गृहस्थाने शेकडो पोरांना अक्षरे शिकविली त्याला घरातले हे कळले नव्हते. चहा तसाच राहिला.

“फोनवर करून पाहिलं होतं,” वहिनी पुढे म्हणाल्या, “पण अक्षर मोठं केलं की ओवीचे तुकडे पडतात. एक चरण दोन ओळींत जातो. वाचायला ताल लागत नाही.”

वाचकहो, छोट्या टॅब्लेटची याहून नेमकी परीक्षा मी कोठल्याही तज्ज्ञाकडून ऐकलेली नाही. साडेसहा इंची फोनचा पडदा उभा धरला तर रुंदीला पावणेसात सेंटीमीटर भरतो, ८.७ इंची पाटीचा सव्वाअकरा. फोनवर जेथे तीन शब्द मावतात तेथे पाटीवर पाच. ओवीचा चरण अखंड राहतो की मोडतो, हे त्या साडेचार सेंटीमीटरांवर ठरते!

दुकानात मग मास्तर, मी आणि वहिनी असे तिघे गेलो. वही मास्तरांच्या खिशातच राहिली. दुकानदाराने आधी साडेदहा इंची मोठी पाटी पुढे केली. वहिनींनी ती घेतली, क्षणभर धरली आणि परत दिली. “अर्धा किलोची आहे. समास संपेपर्यंत हात भरून येईल.” अंदाज अचूक होता. मग दोन्ही लहान पाट्या आल्या. एक ३६६ ग्रॅमची, दुसरी ३७२ ग्रॅमची. दोन चांगल्या मोसंब्यांइतकी. मास्तर म्हणाले, “दुसरी सहा ग्रॅमनं जड आहे.” वहिनी म्हणाल्या, “सहा ग्रॅम म्हणजे फोडणीचं जिरं. त्याचं काय एवढं?”

दुकानदार सिमकार्डाच्या पाटीचा आग्रह करू लागला. तिला दोन-तीन हजार रुपये अधिक, शिवाय दर महिन्याचे रिचार्ज वेगळे. मास्तरांच्या फोनवरून हॉटस्पॉट देता येतो आणि दासबोध एकदा उतरवून घेतला की त्याला इंटरनेट लागतच नाही. तेव्हा तो खर्च आम्ही वाचविला. दोन्ही पाट्यांवर वहिनींनी दहा दहा मिनिटे मराठी पान वाचले. अक्षर दोहींवर सारखेच लागले. लागणारच, ठिपके सारखेच होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “लाइट गेली तर जास्त वेळ कोणती टिकते?” वर्षातले सहा महिने त्यांचा मुक्काम बागेवर असतो, आणि तेथे संध्याकाळ व वीज यांची गाठ पडेलच असे नाही. निकाल लागला. जिची शिदोरी मोठी ती, म्हणजे पॅड मिनी, पिशवीत गेली. मास्तरांनी ऐकलेल्या नावाचा मोह मुकाट्याने सोडला. गावातच राहणाऱ्या आणि आठ मेंदूंपैकी सहा कोणते याची पर्वा नसणाऱ्या माणसाने त्या दिवशी दुसरी उचलली असती, तरी मी त्याला चूक म्हटले नसते.

त्यास आता तीन वर्षे झाली. ती पाटी अजून चालू आहे, याचे श्रेय जितके तिला तितकेच वहिनींना. तीवर चारच कामे होतात. पन्नास ॲप भरून तिचा कोंडमारा कोणी केलेला नाही. फोटो आणि पुस्तके वेगळ्या मेमरी कार्डावर ठेवली आहेत. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती खिडकीत वा मोटारीत ठेवावयाची नाही, चार्जिंगला लावून रात्रभर विसरावयाची नाही, अशी सक्त ताकीद आहे. या जातीच्या बॅटरीला भुकेपेक्षा उष्मा लवकर मारतो.

आज जो कोणी घेऊ म्हणेल त्याने मात्र त्या जुन्या रकान्यांवर जाऊ नये. २०२३ च्या ऑक्टोबरात गॅलॅक्सी टॅब ए-९ आली, तीही ८.७ इंचांचीच, ४ जीबी स्मृती, पुष्कळ चपळ मेंदू आणि सुरुवातीची किंमत १२,९९९. म्हणजे दोन-अडीच वर्षांत हजार रुपयांच्या फरकाने पायरी बदलली. ३ जीबीची पाटी आता मनाला घेऊ नये. चारच्या खाली उतरू नये. सुरक्षेची दुरुस्ती कंपनी कोणत्या सालापर्यंत देणार हे विचारावे, आणि दुरुस्तीसाठी वस्तू कोठे पाठवावी लागेल तेही. नातवाच्या अभ्यासासाठीच घ्यावयाची असेल तर लहान पाटी नको. बालभारतीचे पान मोठे असते, ते ८.७ इंचांत आखडते आणि पोरगे दिवसभर दोन बोटांनी ते ताणीत बसते.

पण हे सारे विचारण्याआधी घरात एक फेरी मारावी आणि ज्या माणसाने काहीच मागितलेले नाही त्याला विचारावे, की तुला यात काय पाहावयाचे आहे? परवा संध्याकाळी मी मास्तरांकडे गेलो तेव्हा वीज गेली होती. ओट्यावर काळोख होता आणि वहिनींच्या तोंडावर तेवढा पाटीचा उजेड. समास चालू होता, म्हणून मी पायरीवरच थांबलो. मास्तर शेजारी बसून ऐकत होते. एका ठिकाणी वहिनी अडखळल्या, तर मास्तरांनी शब्द सांगितला नाही. हात पुढे करून अक्षर थोडे मोठे करून दिले.